बाहेर पडण्याचा आठवडा: स्विंडन, बॉस्टन, न्यूरी आणि लंडन

सोमवार, २७ जानेवारी २०२०. हाउन्स्लो

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तारीख तोवर तीनदा पुढे ढकलली गेली होती. २९ मार्च २०१९ चा मुहूर्त १२ एप्रिलवर गेला, तिथून ३१ ऑक्टोबरवर आणि तिथून ३१ जानेवारी २०२० वर. डिसेंबरच्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या, तेव्हा हा मुहूर्त मात्र टळणार नाही हे उघड झाले आणि बरेच दिवस रखडलेली इंग्लंडची फेरी मी याच आठवड्यात बसवली. राजवाडे आणि संग्रहालये पाहण्याचा बेत नव्हता. सत्तेचाळीस वर्षांचे सदस्यत्व एक देश सोडतो, तेव्हा तिथल्या बाजारात, स्वयंपाकघरात आणि बसथांब्यावर काय बोलले जाते, ते ऐकायचे होते.

मुक्काम हाउन्स्लोला मावसभावाकडे. तो संगणक क्षेत्रात आहे. संघात राहायचे की बाहेर पडायचे यावरच्या २०१६ च्या सार्वमतात त्याने मत दिले होते आणि तेही भारतीय पासपोर्टवर, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क होता. पंचवीस वर्षे इथे राहून कर भरणाऱ्या फ्रेंच किंवा पोलिश माणसाला मात्र तो नव्हता. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. भावाने मत दिले ते बाहेर पडण्याच्या बाजूने.

"ताई, मी व्हिसासाठी दरवेळी फी भरायची, पगाराची अट पाळायची, आणि रुमानियाच्या माणसाने नुसते विमानात बसून यायचे. आता सगळ्यांना एकच रांग," असे तो म्हणाला. त्याच्या आशेला आधार नव्हता असे नाही. परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षे नोकरी करू देण्याची सवलत परत आणण्याची घोषणा सरकारने आदल्या सप्टेंबरातच केली होती आणि याच सोमवारी संशोधकांसाठी संख्येची मर्यादा नसलेल्या नव्या व्हिसाची बातमी आली. सार्वमताच्या प्रचारात प्रीती पटेल यांनी भारतीय उपखंडातून आचारी आणता येतील असे सांगून करी हाउसवाल्यांची मने वळवली होती, आणि आता त्याच गृहमंत्री होत्या. जेवताना मात्र भावाने दुसरी बाजूही सांगितली. त्याच्या कंपनीची निम्मी कामे जर्मन ग्राहकांची आहेत, आणि त्या करारांचे पुढे काय होणार हे वरिष्ठांनाही सांगता येत नाही. घराचे हप्ते मात्र ठरलेले आहेत. स्वतः मागितलेल्या गोष्टीची धास्ती घेतलेला मला भेटलेला हा पहिला माणूस.

मंगळवार, २८ जानेवारी. स्विंडन

पॅडिंग्टनहून आगगाडीने स्विंडन तासाभरावर आहे. हे रेल्वेने वसवलेले गाव. इथले रेल्वे कारखाने १९८६ मध्ये बंद पडले आणि त्याच सुमारास होंडा आली. त्या होंडाने १९ फेब्रुवारी २०१९ रोजी इथला मोटारींचा कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. साडेतीन हजार नोकऱ्या. कारण विजेवरच्या गाड्यांकडे वळणारा जागतिक बाजार हे आहे, ब्रेक्झिट नव्हे, असे कंपनीने स्पष्ट सांगितले, आणि ते खोटे ठरवण्याचे कारण नाही. घोषणेच्या अठरा दिवस आधी जपान आणि युरोपीय संघ यांच्यातला व्यापार करार लागू झाला होता आणि जपानमध्ये बनवलेल्या मोटारींवरचा युरोपातला आयातकर त्याने टप्प्याटप्प्याने संपणार होता, हेही खरे. स्विंडनने सार्वमतात ५४.७ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली होती.

मी तिथे गेले ती मात्र कारखाना पाहायला नव्हे. स्विंडनमध्ये गोव्याहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. सावंतवाडीच्या शाळेतली माझी एक मैत्रीण लग्न करून बार्देसला गेली आणि तिथून नवऱ्याबरोबर इथे आली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानू शकतो. त्यासाठी लिस्बनच्या निबंधक कार्यालयात जन्माची नोंद करावी लागते. ती झाली की पोर्तुगीज पासपोर्ट, आणि त्याच्या बळावर युरोपभर राहण्याचा व काम करण्याचा हक्क. बहुतेकांनी लिस्बन पाहिलेलेही नाही. पासपोर्ट हाती आला की माणूस तेव्हा थेट इंग्लंड गाठत असे, कारण इंग्रजी येई आणि आधी गेलेले गाववाले काम लावून देत.

मैत्रिणीचे यजमान एका गोदामात रात्रपाळी करतात. पोर्तुगीज पासपोर्ट घेताना भारताचे नागरिकत्व गेले, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. २०१६ मध्ये इथे मत देता आले नाही, कारण ते युरोपीय नागरिक ठरले. त्यांची बायको त्यांच्या आधाराने इथे आलेली, तिचा पासपोर्ट भारतीय, आणि म्हणून तिला मताचा हक्क होता. ज्याच्या हक्कावर घर उभे होते त्याला विचारले गेले नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीला विचारले गेले! तिने राहण्याच्या बाजूने मत दिले. "नवऱ्याचे मत मीच दिले म्हण," ती म्हणाली. यावर तो हसला नाही.

जेवणानंतर टेबल पुसून त्याने मोबाइल काढला. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये कायम राहण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागत होता. त्याचा स्वतःचा झाला होता, आता धाकट्या भावाचा भरायचा होता. पासपोर्ट फोनखाली धरायचा, आतली चिप वाचली जाईपर्यंत हलवायचा नाही. मग चेहरा पडद्यावरच्या लंबगोलात बसवायचा आणि त्यावर रंगीत प्रकाशाची उघडझाप होत असताना डोळे मिटायचे नाहीत. चिप तीनदा वाचली गेली नाही. चौथ्या वेळी फोनचे आवरण काढले आणि काम झाले. पाच वर्षांची सलग वस्ती करखात्याच्या नोंदींत सापडली तर कायमचा दर्जा, नाहीतर तात्पुरता. शुल्क नाही, मुदत ३० जून २०२१ पर्यंत, सगळे सरळ. तरीही घरात अस्वस्थता होती, कारण शेवटी हातात काहीच येत नाही: ना कार्ड, ना शिक्का, फक्त ईमेल आणि संकेतस्थळावरची नोंद. लेखी पुरावा मिळावा म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने आदल्याच आठवड्यात विधेयकात दुरुस्ती केली होती आणि कनिष्ठ सभागृहाने ती दोन दिवसांत फेटाळली. "घरमालकाला काय दाखवायचे? ईमेल?" असे ते विचारत राहिले. त्या ईमेलची छापील प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून, आल्तारावरच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, तसबिरीमागे ठेवली आहे. कायद्याने तिची किंमत शून्य, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

त्याच दिवशी सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीचा अहवाल आला. बाहेरून येणाऱ्या कामगाराच्या पगाराची किमान अट ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आणावी, अशी तिची शिफारस होती. यजमानांनी आकडा ऐकला आणि मनातल्या मनात आपला पगार लावून पाहिला असावा. "म्हणजे मी आज निघालो असतो, तर पोचलो नसतो," एवढेच ते बोलले.

बुधवार, २९ जानेवारी. बॉस्टन

लिंकनशरमधल्या बॉस्टनला जाताना ग्रँथम स्थानकावर गाडी बदलावी लागते. ग्रँथम हे मार्गारेट थॅचर यांचे जन्मगाव. १९७५ च्या पहिल्या सार्वमतात युरोपीय समुदायात राहण्यासाठी त्यांनी हिरिरीने प्रचार केला, १९८६ च्या एकल बाजारपेठेच्या करारावर त्यांच्याच सरकारने सही केली, आणि १९८८ मध्ये ब्रूजच्या भाषणात ब्रसेल्सच्या वाढत्या सत्तेवर त्यांनीच कोरडे ओढले. या देशाचे युरोपबाबतचे दुमत एकाच बाईच्या चरित्रात पाहायला मिळते.

पुढचा प्रदेश सपाट, काळ्या मातीचा, पाटांनी कापलेला. कोबी, फ्लॉवर, बटाटे. बॉस्टनच्या सेंट बोटॉल्फ चर्चचा ऐंशी मीटरहून उंच मनोरा मैलोगणती आधीपासून दिसू लागतो. तो उभा राहिला लोकरीच्या पैशावर. तेराव्या शतकात हे बंदर लंडनखालोखाल होते आणि उत्तर युरोपातल्या हान्सा संघाचे व्यापारी इथे ठाण मांडून असत. युरोपशी लागेबांधे हे या गावाला नवे नाहीत, आणि भांडण त्यांच्याशी नव्हतेच, हे मला दिवसभरात पटत गेले.

देशभर ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के. इतके प्रमाण दुसऱ्या कुठल्याही मतदान क्षेत्रात नव्हते. बुधवार हा बाजाराचा वार, म्हणून मी मुद्दाम तो निवडला. फ्लॉवरचे गड्डे रचणारा साठीचा विक्रेता मोकळेपणाने बोलला. त्याचे म्हणणे असे, की गाव बदलू नये असे कुणी म्हणत नव्हते, पण ते इतक्या झपाट्याने बदलेल हे आधी सांगायला हवे होते. १ मे २००४ रोजी पूर्व युरोपातले आठ देश संघात आले, तेव्हा पहिल्या दिवसापासून दारे उघडी ठेवणारे देश तीनच होते: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. वर्षाला पाच ते तेरा हजार माणसे येतील असा अंदाज तेव्हाच्या सरकारने वर्तवला होता, प्रत्यक्षात आली त्याच्या अनेकपट. त्यांतली बरीच या भाज्यांच्या पट्ट्यात आली. विक्रेत्याने बोटांवर मोजून दाखवले: डॉक्टरची वेळ मिळायला किती आठवडे लागतात, एका घरात किती बिछान्यांचे भाडे वसूल होते आणि त्यामुळे त्याच्या मुलीला घर का परवडत नाही, भाज्या निवडून बांधण्याच्या शेडमध्ये रात्रपाळीचा जादा दर कधी बंद झाला.

लंडनमध्ये मला पुन्हापुन्हा सांगितले गेले होते, की बाहेर पडू पाहणाऱ्यांची आशा भोंगळ असते, साम्राज्याच्या आठवणींवर पोसलेली. या माणसाच्या बोलण्यात साम्राज्य एकदाही आले नाही. त्याची आशा ही त्याच्या तक्रारींची यादी उलटी वाचून तयार झाली होती. डॉक्टर लवकर भेटावा, भाडे उतरावे, मजुरी चढावी. संघ सोडल्याने डॉक्टर वाढत नाहीत, हे मी त्याला म्हटले नाही. पण सरकारने डॉक्टर वाढवले असते, तर हे मत कदाचित वेगळे पडले असते, असे मला आजही वाटते.

वेस्ट स्ट्रीटवर पोलिश, लिथुएनियन, लाटवियन दुकाने ओळीने आहेत. काळा राईचा पाव, खारवलेली काकडी, धुरावलेले मासे. एका लिथुएनियन दुकानदारीण बाईंनी सांगितले, की गिऱ्हाईक घटते आहे. कुणी हाकलले नाही, पण सार्वमतानंतर पौंड घसरला आणि घरी पाठवायचे पैसे आपोआप कमी झाले, तेव्हा तरुण मुले जर्मनीकडे वळली. शेतकरी त्यांना विचारतात, अजून कुणी येणार आहे का? संघाबाहेरून हंगामी मजूर आणण्याची एक योजना सरकारने २०१९ मध्ये चालू केली होती, पण ती अवघ्या २,५०० जणांसाठी. फ्लॉवर विकणाऱ्याची चिंता माणसे फार झाल्याची आणि त्याला फ्लॉवर पुरवणाऱ्याची माणसे उरणार नाहीत याची! दोघांची मते एकाच बाजूला पडली असण्याचा संभव आहे.

रात्री हाउन्स्लोला परतले तेव्हा दूरचित्रवाणीवर ब्रसेल्स होते. युरोपीय संसदेने विलग होण्याच्या कराराला ६२१ विरुद्ध ४९ मतांनी संमती दिली आणि सदस्यांनी हात धरून निरोपाचे जुने स्कॉटिश गाणे म्हटले. भाऊ म्हणाला, बरे झाले एकदाचे. वहिनीने डोळे पुसले. कुणीच कुणाची समजूत काढली नाही.

गुरुवार, ३० जानेवारी. न्यूरी

सकाळच्या विमानाने बेलफास्ट. विमानतळावरून शहरात नेणारा टॅक्सीवाला ब्रिटनशी एकनिष्ठ घराण्यातला, बाहेर पडण्याच्या बाजूचा. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण ऑक्टोबरात जॉन्सन यांनी जो करार केला त्यात उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्या सीमेवरची तपासणी टाळण्यासाठी ती समुद्रावर ढकलली गेली होती, म्हणजे ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालावर. असले अर्ज कुणी भरायला सांगितलेच, तर ते कचऱ्यात टाकायला लावीन, असे पंतप्रधानांनी नोव्हेंबरात इथल्या व्यापाऱ्यांना बजावले होते. टॅक्सीवाल्याचा त्यावर विश्वास नव्हता. "आम्ही युरोप सोडायला निघालो आणि आम्हालाच ब्रिटनमधून काढले," असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ.

बसने सीमेजवळच्या न्यूरीला उतरून दुसऱ्या बसने पलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकातल्या दंडॉकला गेले. माझ्या व्हिसावर ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हींना चालणारा शेरा होता, तो मी हातात काढून बसले होते. कुणी मागितला नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली आणि वेगमर्यादेचे आकडे मैलांऐवजी किलोमीटरमध्ये आले, एवढ्यावरून देश बदलल्याचे समजायचे. सुमारे ५०० किलोमीटरच्या या सीमेवर दोनशेहून जास्त ठिकाणी रस्ते ओलांडतात. उत्तरेतल्या दुधाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातो. डब्लिनला बनलेली गिनेस बेलफास्टला येऊन डब्यांत भरली जाते आणि परत जाते.

मी बांद्याच्या परिसरात वाढले, जीएसटीपूर्वी गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला लागणाऱ्या ट्रकच्या रांगा आणि चालकांच्या हातांतल्या कागदांच्या चळती पाहत, तेव्हा नाका नसणे म्हणजे काय याचे मोल मला सांगावे लागत नाही. तीच पत्रादेवी १९६१ पर्यंत आंतरराष्ट्रीय सीमा होती आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथे पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी सत्याग्रही पडले होते. न्यूरीतल्या आठवणी मात्र याहून ताज्या. ऑगस्ट १९७२ मध्ये इथल्या जकात नाक्यावर बॉम्ब फुटून नऊ माणसे मेली. एकल बाजारपेठ आल्यावर १९९३ मध्ये जकातीची तपासणी उठली आणि तिथला सशस्त्र संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्कराचे मनोरेही हळूहळू उतरवले गेले. साडेतीन हजारांवर बळी घेणारा तो काळ पाहिलेली एक वयस्कर बाई न्यूरीच्या बसथांब्यावर म्हणाली, की नाका हा नुसता नाका राहत नाही. नाका आला की त्याला राखायला पोलिस येतो, पोलिसाला राखायला सैनिक. तिच्या काळजीत आकडे नव्हते, टक्केवारी नव्हती, पण आठवडाभरात ऐकलेल्यांपैकी तीच मला सर्वांत नेमकी वाटली. तिच्या नातवाचे मात्र डोळे चमकत होते. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला असताना लंडनने त्याला बाहेर ओढले, तर आता आयर्लंड एक व्हायला किती वर्षे लागतील, याचाच तो हिशेब करत होता. त्याने आयरिश पासपोर्टही काढून ठेवला होता.

शुक्रवार, ३१ जानेवारी. लंडन

दुपारपर्यंत लंडनला परत. सकाळच्या बातम्यांत चीनमधल्या नव्या विषाणूचे पहिले दोन रुग्ण इंग्लंडमध्ये सापडल्याचे होते, पण त्याकडे त्या दिवशी फारसे कुणाचे लक्ष नव्हते. दुकानात सुटे पैसे देताना भावाने नव्या पन्नास पेन्सच्या नाण्याची चौकशी केली. शांतता, समृद्धी आणि सर्व राष्ट्रांशी मैत्री अशा अर्थाची अक्षरे आणि आजची तारीख त्यावर कोरली होती. ऑक्टोबरची तारीख घातलेली आधीची नाणी वितळवावी लागली होती. दुकानदार पंजाबी. "मैत्री सगळ्यांशी, मग भांडलो कशाला?" असे म्हणून त्याने जुनेच नाणे हातावर ठेवले.

संध्याकाळी पार्लमेंट स्क्वेअरला गेलो. 'द मॉल' या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ब्रिटिश झेंड्यांच्या रांगा, पायाखाली चिखल, बिग बेनच्या मनोऱ्याभोवती परांची. ब्रसेल्सची मध्यरात्र म्हणजे लंडनचे रात्रीचे अकरा. ब्रिटनने संघ सोडला तो क्षणही संघाच्या घड्याळाप्रमाणे. दुरुस्तीमुळे घंटा खरोखर वाजवायची तर सुमारे पाच लाख पौंड खर्च येणार होता, म्हणून तिचा ध्वनिमुद्रित आवाज लावला. ब्रेक्झिटचे खंदे प्रचारक नायजेल फॅराज यांचे भाषण झाले, राष्ट्रगीत झाले, माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. ती चेष्टा करण्याजोगी मुळीच नव्हती. माझ्या शेजारी उभी असलेली यॉर्कशरची सेवानिवृत्त शिक्षिका तीन वर्षे सात महिने रोज रात्री बातम्या पाहून झोपत होती, कारण आपण दिलेले मत कुणीतरी गिळून टाकेल असे तिला वाटे. आता यापुढे चुका झाल्या तरी त्या आपल्याच खासदारांच्या असतील आणि त्यांना मत देऊन घरी बसवता येईल, असे ती म्हणाली. बाहेर पडण्याच्या बाजूचा इतका स्वच्छ युक्तिवाद मी त्या आठवड्यात दुसरा ऐकला नाही. चौकातून बाहेर येताना भावाने तिच्यासारखा जयघोष केला नाही. जर्मन ग्राहकांची बैठक सोमवारी होती.

शनिवार, १ फेब्रुवारी. हीथ्रो

काहीच बदललेले नव्हते, आणि कायद्याने बदलायचेही नव्हते. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचा काळ संक्रमणाचा: नियम जुने, बाजारपेठ जुनी, फक्त ब्रिटनचे प्रतिनिधी युरोपीय संसदेत नाहीत. मासेमारी, मालाची तपासणी, लंडनच्या बँका, यांच्या वाटाघाटी अजून सुरू व्हायच्या होत्या.

विमानतळावर असतानाच स्विंडनहून मैत्रिणीचा फोन आला. तिच्या यजमानांच्या पुतण्याची लिस्बनमधली नोंद अडकली आहे. पोराच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यात आजोबांचे आडनाव एका पद्धतीने लिहिले आहे आणि भारतीय जन्मदाखल्यात दुसऱ्या. वर्ष संपण्याआधी पासपोर्ट हाती पडून तो इंग्लंडात राहू लागला, तर त्याला जुन्या नियमाने अर्ज करता येईल. त्यानंतर आला, तर बहुधा समितीने सुचवलेली २५,६०० पौंडांची अट. मी सोमवारी म्हापशाला जाणार आहे का, असे तिने विचारले. जाणार असेन, तर दाखला दुरुस्त करून देणाऱ्या वकिलाला भेटावे आणि चर्चमधल्या जुन्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रमाणित प्रत एक नव्हे, तीन काढून घ्याव्यात.